मका दिवस मोजून नव्हे, दाणा पाहून कापा

पत्र

आमचं गाव सिन्नर तालुक्यात आहे. घरी आठ संकरित गायी आहेत. गेल्या वर्षी पहिल्यांदाच दोन एकर मक्याचा मुरघास (हिरव्या मक्याची कुट्टी करून, दाबून, हवाबंद आंबवलेला चारा) खड्ड्यात भरला. मशीनवाला ७२व्या दिवशी मोकळा होता म्हणून त्याच दिवशी कापणी केली. दाण्यात नख मारलं की दूध उडत होतं. आदल्या रात्री पाऊस झाला होता, ट्रॅक्टर चिखलातूनच ये-जा करत होता. नंतर आठ-दहा दिवस खड्ड्याच्या तोंडातून काळपट पाणी वाहिलं. दीड महिन्यानं उघडलं तर खवट तुपासारखा वास. गायी हुंगून मागं सरायच्या. दुधाचं फॅट ३.८ वरून ३.३ वर आलं.

यंदा जूनअखेरीला परत दोन एकर संकरित मका केलाय, एक एकर मुरमाडात आणि एक काळ्या रानात. भाऊजी म्हणतात, ७५ दिवसांना कापू, हिरवागार असतानाच चांगला, वजनही भरतं. आबा (सासरे) म्हणतात, कणीस पिकू द्या, दाणा मार्केटला घालू आणि ताटांचा मुरघास करू. कोणाचं ऐकू? पानांवरून काही कळतं का? रब्बीत अर्धा एकर ओट करायचं डोक्यात आहे, त्याचं कसं? आणि गेल्या वर्षीचा थोडा मुरघास खड्ड्यात पडून आहे, तो घालावा का?

– एक वाचक भगिनी, सिन्नर

उत्तर

ताई, कापणीच्या तारखेच्या बाबतीत दोघांचंही ऐकू नका. भाऊजी म्हणतात ती वेळ दहा-पंधरा दिवस अलीकडची आहे, आणि आबा म्हणतात ती तेवढीच पलीकडची. मधले जे आठ-दहा दिवस उरतात, तेवढ्यात वर्षभराच्या दुधाचा निकाल लागतो. ते दिवस कॅलेंडरवर दिसत नाहीत, कणसात दिसतात. ते पाहायचं कसं, ते सविस्तर सांगते.

आधी गेल्या वर्षीचं. तुमच्या पत्रात रोगाचं निदान तुम्हीच लिहून पाठवलं आहे. दाण्यातून दूध उडत होतं, म्हणजे ताटात ७५ ते ८० टक्के पाणी होतं. एवढ्या ओल्या कुट्टीवर ट्रॅक्टर फिरला की रस सुटणारच. ते काळपट पाणी नुसतं पाणी नव्हतं. कुट्टीतली साखर, विरघळलेली प्रथिनं आणि क्षार त्याच्याबरोबर वाहून गेले. (यंदा असं पाणी सुटलंच तर ते विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका. पाण्यातला प्राणवायू ते झपाट्यानं संपवतं, मासे मरतात.)

खवट वासाचं कारण मात्र एकटं पाणी नाही. मक्यात साखर भरपूर असते, त्यामुळे ओला कापलेला मकासुद्धा बऱ्याचदा आंबट होऊन निभावून जातो. तुमच्याकडे त्यात चिखल मिसळला. टायरला लागलेली माती खड्ड्यात गेली, मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू गेले, आणि त्यांना अशीच पाणथळ, कमी आंबलेली जागा लागते. ते ब्युटिरिक आम्ल तयार करतात. तूप खवट होतं तेव्हा येणारा वास त्याच आम्लाचा असतो. गायीला तो वास नको असतो, ती कमी खाते, आणि चारा पोटात कमी गेला की दूध आणि फॅट दोन्हींवर परिणाम दिसतो. फॅट ३.५ च्या खाली गेलं की दर कापला जातो, ते तुम्ही भोगलंच आहे. तरी सगळा दोष मुरघासावर टाकू नका. त्या काळात कडबा बंद केला होता का, ते आठवून पाहा. ओला, बारीक मुरघास आणि सोबत कोरडा चारा नाही, असं असेल तर एवढ्यानंसुद्धा फॅट उतरतं. गायीमागे दिवसाला दोन-तीन किलो कडबा किंवा भुसा राहू द्या.

आता भाऊजींचा मुद्दा. हिरवागार असताना वजन जास्त भरतं, हे खरं आहे. पण ते वजन कशाचं? समजा एकरी २० टन मका निघाला आणि त्यात कोरडा भाग, म्हणजे डेअरीवाले ज्याला ड्राय मॅटर म्हणतात तो, २२ टक्के आहे. गायीच्या कामाचा माल झाला ४.४ टन. तोच मका आणखी पंधरा दिवस उभा राहिला, पाणी घटून एकरी १७ टनच भरला, पण कोरडा भाग ३३ टक्क्यांवर गेला. आता माल झाला ५.६ टन. वजन तीन टनांनी घटलं आणि चारा सव्वा टनानं वाढला. शिवाय तीन टन पाणी तोडायचं, वाहायचं आणि दाबायचं वाचलं.

दुसरं म्हणजे हा वाढलेला माल साधा चारा नाही, तो दाण्यातला स्टार्च आहे. तुरा पडून गेल्यावर ताटात आणि पानांत तयार होणारी साखर दाण्याकडे जाते आणि तिथं तिचा स्टार्च होतो. कणीस चांगलं भरलेलं असेल आणि योग्य वेळी कापलं, तर मुरघासाच्या कोरड्या भागात पाव ते तिसरा हिस्सा स्टार्च असतो. दूध उडत असताना याच्या निम्माही नसतो. गाय दूध देते ती या ऊर्जेवर. ती मुरघासातून मिळाली नाही तर भरडा वाढवावा लागतो, आणि भरड्याचा भाव तुम्हाला ठाऊक आहे. कोवळ्या मक्यात प्रथिनं जरा जास्त असतात हे भाऊजी कदाचित सांगतील. तेही खरं आहे. पण मका आपण प्रथिनांसाठी लावत नाही. मुरघासात ती ७-८ टक्क्यांच्या आसपासच असतात, बाकीची गरज पेंडीनं किंवा लसूणघासानं भागते.

जाता जाता एक गोष्ट. चारा कमी पडला आणि बाहेरून टनावर मुरघास विकत घ्यायची वेळ आली, तर हाच हिशेब तिथं लावा. २२ टक्क्यांच्या एका टनात २२० किलो चारा येतो, ३३ टक्क्यांच्या टनात ३३० किलो. भाव दोन्हींना एकच लावला जातो. विकणाऱ्याला लवकर कापणं परवडतं, घेणाऱ्याला नाही.

आबांचं म्हणणं निराळ्या बाजूनं चुकतं. दाणा पूर्ण पिकला की त्याच्या बुडाशी, जिथं तो कणसाला चिकटलेला असतो तिथं, काळा थर दिसतो. तेव्हा दाण्याची वाढ थांबलेली असते. तोवर ताटातली साखर दाण्यात गेलेली असते, ताट लाकडासारखं व्हायला लागतं, पानं वाळतात. कणसं खुडून अशा ताटांचा मुरघास करायचा म्हटलं तर आंबायला साखर नाही आणि दाबून बसायला ओल नाही. तो आत पोकळ राहतो, हवा कोंडते, तापतो आणि बुरशी धरतो. त्या ताटांची कुट्टी करून कोरडी घालणंच बरं. आबांना दाण्याचे पैसे हवे असतील, तर काळ्या रानातला थोडा तुकडा दाण्यासाठी राखा आणि तो पुरता पिकवून लासलगावला घाला. एकाच ताटातून दोन्ही काढायला जाऊ नका. अपवाद एकच: भाजायची कोवळी कणसं खुडून विकलीत तर मागं राहिलेलं ताट हिरवं आणि गोड असतं, त्याचा मुरघास जमतो. मात्र त्यात दाणा नसतो, हे धरून भरडा द्यावा लागेल.

मग नेमकं कधी? लक्ष्य आहे ३० ते ३५ टक्के कोरडा भाग. तुमच्यासारख्या ट्रॅक्टरनं दाबायच्या खड्ड्याला ३२-३३ सगळ्यात सोयीचा. याच्या खाली रस गळतो, ३८-४० च्या वर दाब बसत नाही.

हे ओळखायची पहिली खूण कणसात आहे. रानाच्या आत शिरा, बांधाकडच्या दोन-तीन ओळी सोडा, कारण तिथली ताटं उजेड जास्त मिळाल्यानं वेगळी असतात. पाच-सहा ठिकाणची कणसं घ्या. सोलून मधोमध मोडा. शेंड्याकडचा तुकडा हातात ठेवा आणि मोडलेल्या बाजूनं दाण्यांकडे पाहा. दाण्याचा कोंब शेंड्याच्या दिशेला असतो, त्यामुळे या बाजूनं दाण्याची सपाट पाठ दिसते. त्या पाठीवर एक आडवी रेषा असते. वर, म्हणजे दाण्याच्या टोपीकडे, गडद पिवळा घट्ट भाग आणि खाली, बुडाकडे, फिकट दुधाळ भाग. रेषा डोळ्यांना पटकन सापडली नाही तर टोपीकडून नखानं दाबत खाली या. जिथं नख एकदम आत रुतेल आणि ओल लागेल, ती रेषा. दाणा पिकत जातो तशी ती बुडाकडे सरकते. टोपीला खळगा पडला, रेषा नुकतीच दिसायला लागली, म्हणजे अजून आठ-दहा दिवस आहेत. रेषा दाण्याच्या निम्म्यावर आली की मशीन दारात हवं. दोन तृतीयांश खाली गेली तरी चालेल. बुडाला टेकली की उशीर झाला.

‘दाणा चिकात असताना कापा’ असं सगळीकडे सांगतात. ते चूक नाही, पण चीक धरल्यापासून दाणा कडक होईपर्यंत बरेच दिवस जातात आणि प्रत्येक जण आपल्या सोयीचा चीक धरतो. रेषेवर वाद होत नाही.

दिवसांचा अंदाज हवाच असेल तर पेरणीपासून मोजू नका. कणसाला केसर (शेंड्याचे रेशमी धागे) दिसलं त्या दिवसापासून मोजा. आपल्याकडच्या खरिपात केसरापासून निम्म्या रेषेपर्यंत साधारण ३५ ते ४० दिवस लागतात. पेरणीपासून मोजलं की वाण, उगवण, मधला पावसाचा खंड हे सगळं हिशेबात घुसतं. रानात निम्म्या ताटांना केसर आलेलं दिसलं त्या दिवशी तारीख लिहून ठेवा आणि तिसावा दिवस आला की कणसं मोडायला सुरुवात करा.

दुसरी खूण हाताची. पाच-सहा ताटं बुडातून तोडून कुट्टी करा, नीट कालवा, मूठभर घेऊन मिनिटभर जोरात आवळा आणि मूठ उघडा. बोटांतून रस टपकला, तर थांबा. गोळा तसाच राहिला आणि तळवा ओला झाला, तर अजून चार-सहा दिवस. गोळा हळूहळू उलगडला, तळव्याला नुसता दमटपणा लागला पण रस नाही, तर वेळ झाली. मूठ उघडताच भुगा पडला, तर उशीर झालाय.

यापेक्षा पक्कं हवं असेल, आणि वर्षाचा चारा भरायचा म्हणजे पक्कंच हवं, तर वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कालवलेल्या कुट्टीतली बरोबर १०० ग्रॅम घ्या. घरात किंवा शेजारी मायक्रोवेव्ह असेल तर कागदी ताटलीत पसरून तीन-चार मिनिटं फिरवा, कोपऱ्यात अर्धा ग्लास पाणी ठेवा म्हणजे कुट्टी जळणार नाही. काढा, हलवा, वजन करा. मग एक-एक मिनिट फिरवत वजन घटायचं थांबेपर्यंत करत राहा. शेवटी ३१ ग्रॅम उरली तर कोरडा भाग ३१ टक्के. मायक्रोवेव्ह नसेल तर पत्र्यावर कडक उन्हात दोन-तीन दिवस पातळ पसरा. उन्हात वाळलेल्या कुट्टीत दहाएक टक्के ओल राहतेच, म्हणून उरलेल्या वजनातून दहावा भाग वजा करा. ३६ ग्रॅम उरली तर ३२ धरा. सप्टेंबरात ढग असतात, वाळायला वेळ लागतो, तेव्हा हा खटाटोप कापणीच्या आठ-दहा दिवस आधी करा.

आधी करण्याचा आणखी एक फायदा आहे. या काळात कोरडा भाग रोज साधारण अर्धा ते पाऊण टक्का वाढतो. ढगाळ, दमट दिवसांत कमी, पाऊस उघडून कोरडा वारा सुटला की एक टक्क्यापर्यंत. आज २७ आला, पाहिजे ३२, म्हणजे अजून आठ-नऊ दिवस. हा आकडा हातात असला की मशीनवाल्याशी बोलता येतं. तुमचं गेल्या वर्षीचं सगळं यातच फिसकटलं: त्याच्या तारखेला तुम्ही मका कापलात. या वेळी एकच तारीख न मागता चार-पाच दिवसांची मुदत सांगा, आणि शेजारचे दोघे-तिघे मिळून बोललात तर तो ऐकेल. तरीही त्याची तारीख जुळली नाही तर २८ टक्क्यांना कापलेलं चालवून घेता येतं, २३-२४ ला नाही.

पानांबद्दल विचारलंत. पानांवर जाऊ नका. आजकालच्या बऱ्याच संकरित वाणांत दाणा पिकला तरी पानं हिरवीगार राहतात, ती पाहून माणूस थांबतो आणि दाणा दगड होतो. उलट पावसाचा खंड पडला की खालची पानं करपतात, मका वाळला असं वाटतं, पण ताट पिळलं तर रस निघतो.

तुमच्या दोन रानांचा हिशेब वेगळाच करा. मुरमाडातला मका काळ्या रानातल्यापेक्षा चार-सहा दिवस, पाऊस ओढ देईल तेव्हा त्याहूनही जास्त, आधी तयार होतो. दोन्हींचे नमुने एकत्र कालवलेत तर सरासरी ३२ दिसेल आणि प्रत्यक्षात एक २७ आणि दुसरा ३७ असेल. खड्डा एकदाच भरायचा असल्यानं मुरमाड ३४-३५ ला आणि काळं ३०-३१ ला येईल असा दिवस गाठा, आणि भरताना मुरमाडातला कोरडा माल खाली व काळ्यातला ओला वर ठेवा. कोरड्या मालावर वजन पडतं, तो दबतो, आणि वरचा थोडा रस त्यात मुरतो.

मुरमाडाबद्दल अजून एक काळजी. सिन्नरचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला. इगतपुरीला झोडपून काढणारा पाऊस वावी-पाथऱ्याकडे येईस्तोवर विरळ होतो. मका पंधरा-वीस दिवस तहानेला राहिला आणि मग एकदम मोठा पाऊस झाला, तर मुळं नत्र भराभर ओढतात आणि ताटाच्या खालच्या भागात नायट्रेट साठतं. ते जनावराला विषारी आहे. अशा पावसानंतर आठवडाभर कापणी करू नका, आणि कापताना बुडाकडे वीतभर खोडकी सोडा. मातीही त्यानं खड्ड्यात कमी येते. मुरताना नायट्रेट बरंच कमी होतं, पण त्याच वेळी पिवळसर-तपकिरी विषारी वायू निघू शकतो. तो हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात तळाशी बसतो. भरल्यानंतर पहिले तीन आठवडे कोणीही, विशेषतः मुलांनी, खड्ड्यात उतरायचं नाही किंवा वरचा प्लास्टिकचा कागद उचलून डोकवायचं नाही. ब्लीचिंग पावडरसारखा उग्र वास आला तर तिथून लांब जायचं. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

पाऊस पडून गेल्या-गेल्या कापायची घाई नको. दाणा बरोबर रेषेवर असला तरी पानावरचं पाणी उडू द्या, रान टायरला चिकटणार नाही इतकं सुकू द्या. दोन दिवस थांबल्यानं दाण्याचं काही बिघडत नाही, चिखलानं मात्र सगळा खड्डा बिघडतो. खड्ड्यात फिरणारा ट्रॅक्टर आणि रानातून येणारा ट्रॅक्टर वेगळा ठेवता आला तर सगळ्यात उत्तम. एकाच परिस्थितीत वेळेआधी कापा: वादळानं मका आडवा झाला तर. आडवं ताट सडायला आणि बुरशी धरायला वेळ लागत नाही.

एवढं करूनही वेळ चुकलीच तर? ओला कापावा लागला, समजा २२ टक्के, तर टनाला सुमारे १३० किलो कोरडा भुसा थरांमध्ये पसरला की मिश्रण ३० वर येतं. रस थांबेल, पण भुशात ताकद नसते, त्यामुळे मुरघासाची प्रत उतरेल. ४० टक्के झालेला मका ३५ वर आणायला टनाला १४० लिटरच्या वर पाणी लागतं, नुसतं शिंपडून भागत नाही. त्यापेक्षा कुट्टी बारीक करा, सेंटीमीटरभर, थर वीतभरापेक्षा पातळ ठेवा आणि दाबायचा वेळ दुप्पट करा. गूळ, मीठ, युरिया, कल्चर यांबद्दल तुम्हाला बरेच जण सांगतील. वेळेवर कापलेल्या मक्याला गुळाची गरज नसते, त्यात साखर पुरेशी असते, आणि ओल्या मक्यातलं पाणी यांतल्या कशानंच कमी होत नाही. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या जाड कागदात घाला.

उशिरा कापलेल्या मक्याची परीक्षा शेणात होते. मुरघास सुरू करून आठवडा झाला की तांब्याभर शेण पिठाच्या नव्हे, जरा मोठ्या भोकांच्या चाळणीत घ्या आणि नळाखाली धुवा. अख्खे पिवळे दाणे चाळणीत उरले तर तेवढा स्टार्च गायीच्या अंगी न लागता उकिरड्यावर जातोय. म्हणून मशीनवाल्याला दाणा फुटेल अशी पाती लावायला सांगा आणि भरताना मूठ-मूठ कुट्टी उचलून पाहत राहा. अख्खा दाणा दिसला की तिथल्या तिथं मशीन थांबवा.

ओटाचं गणित मक्यापेक्षा वेगळं आहे. मक्यात थांबलं की ताकद वाढते, कारण दाण्याचा वाटा मोठा. ओट, गहू, बार्ली यांत ताटाचा आणि पानाचा वाटा मोठा, आणि ते पोटरीनंतर झपाट्यानं चिवट होतात. पोटरीत, म्हणजे लोंबी पानाच्या म्यानात असतानाच कापलं तर प्रथिनं आणि पचनीयता सगळ्यात जास्त मिळते, पण पाणी ८० टक्क्यांच्या आसपास असतं. चिकात कापलं तर माल जास्त निघतो, दाण्याची थोडी ताकद येते, प्रथिनं घटतात. फसवी वेळ ती मधली, फुलोरा ते दूध भरण्याची: ताट चिवट होऊन गेलेलं असतं आणि दाणा अजून भरलेला नसतो. बरेच लोक नेमके तिथंच कापतात. तुमच्याकडे मक्याची ऊर्जा असेलच, कमी पडतील ती प्रथिनं. तेव्हा ओट पोटरीत कापा. राहुरी विद्यापीठाचा फुले हरिता किंवा केंट, जे बियाणं मिळेल ते चालेल. सकाळी कापा, दिवसभर रानात पसरून सुकवा, मूठ आवळून रस येत नाही इतका सुकला की भरा. फेब्रुवारीच्या उन्हात संध्याकाळपर्यंतसुद्धा होतो. ओटाचं ताट पोकळ असतं, त्यात हवा राहते, म्हणून कुट्टी बारीक आणि दाब जास्त. गव्हाचा मुरघास कोणी सुचवला तर ओंबी पिवळी पडू देऊ नका, कुसळं कडक झाली की जनावराच्या तोंडाला टोचतात.

ज्वारीचं तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या भागात बांधाला असतेच. ती हुरड्यावर असताना कापायची. दाणा कडक झाला की इतका बारीक दाणा मशीनमध्येही फुटत नाही आणि गायीच्या दाढेतूनही निसटतो. गुडघ्याएवढी कोवळी किंवा कापल्यावर फुटलेली ज्वारी कधीच घालू नका, तिच्यातलं विष जनावर मारतं.

राहिला गेल्या वर्षीचा शिल्लक मुरघास. गाभण, नुकत्याच व्यालेल्या गायींना आणि वासरांना त्यातला अजिबात नको. बिघडलेल्या मुरघासात लिस्टेरियाचे जंतू वाढू शकतात, त्यानं गाभ जातो. पांढरी, निळी, हिरवी कसलीही बुरशी दिसलेला भाग वीतभर भोवतालासह काढून शेणखताच्या खड्ड्यात टाका, वेगळं करून ‘खालचा बरा आहे’ असं म्हणत बसू नका. बुरशी नसलेला पण खवट वासाचा जो निघेल, तो रात्रभर पसरून वारा लागू द्या आणि वाढत्या, गाभण नसलेल्या कालवडींना कडब्यात मिसळून थोडा-थोडा घाला. त्यांनी सोडला तर तोही खतात. यंदाचा मका येण्याच्या आठवडाभर आधी खड्डा तळापर्यंत रिकामा, झाडलेला आणि वाळलेला पाहिजे. जुन्या थरावर नवा मका टाकायचा नाही.

केसराची तारीख आणि दोन्ही रानांच्या पहिल्या नमुन्याचे आकडे आले की मला लगेच कळवा. मशीन कोणत्या दिवशी बोलवायचं ते त्यावरून ठरवू.